तीन दिवाळ्या आणि एक स्वयंपाकघर

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असे आपल्याकडे सांगतात. काशीतील मराठी घरांना ही व्युत्पत्ती लागू पडत नाही. तेथे पाहुणा येतो तो पंचांग पाहूनच येतो, आणि अडचण अशी की सगळे पाहुणे एकच पंचांग पाहतात. आश्विन सरत आला, शाळांना दिवाळीची सुट्टी लागली, की पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथील आप्तांना गंगास्नानाची ओढ लागते. आणि ज्यांचे घर घाटाच्या पायऱ्यांशी आहे अशा नातेवाइकांची आठवणही नेमकी त्याच सुमारास दाटून येते. अशा पाहुण्यांपुढे सणाला शोभेल आणि घरच्या बाईला झेपेल असे खाणे कोणते ठेवावे, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. ही अडचण आपल्या सर्वांच्याच घरी येते. पण तिचे मोठ्यात मोठे रूप पाहायचे तर ते काशीच्या रामघाटावर पाहावे, म्हणून मी उदाहरण तेथले घेतो.

काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे. तिच्या प्रवाहाबरोबर शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट आणि गणेशघाट ओलांडून आपण पुढे गेलो, की रामघाट लागतो. त्याच्याही पुढे ग्वाल्हेरकरांचा घाट, मग बालाजीघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. ही नावे वाचताना आपण उत्तरेच्या नदीकाठी आहोत की मराठ्यांच्या बखरीत, असा क्षणभर संभ्रम पडावा. मराठी माणसाचा या नगरीशी असलेला संबंध तर बखरींहूनही जुना आहे. पैठणच्या रामेश्वरभट्टांनी सोळाव्या शतकात येथे बिऱ्हाड केले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट येथील पंडितसभेचे अग्रणी झाले. आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पैठणच्याच एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीत पुरे केले. आजही रामघाटावरील सांगवेद विद्यालयात वेदपठण चालते, आणि ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांतून मराठी बोलणे कानी पडते. घरात मराठी आणि गल्लीत बनारसी बोली, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे. या दुहेरी संसाराची खूण सर्वांत स्पष्ट दिसते ती स्वयंपाकघरात.

या स्वयंपाकघरापुढील पहिली अडचण कालगणनेची आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मराठी घरात आश्विनातली अमावास्या असते, तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे ती कार्तिकातली असते. दिवाळी एकच, महिने दोन. पंधरा दिवसांनी येणारी कार्तिकी पौर्णिमा मात्र दोन्ही पंचांगांत एकच. आपण तिला त्रिपुरी म्हणतो. काशी तिला देवदिवाळी म्हणते. पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला दगडी दीपस्तंभ त्या रात्री उजळतो, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत ही प्रथा पसरत जाऊन आता ८४ घाटांच्या पायऱ्या दिव्यांनी भरून जातात. बरे, महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, देवदिवाळी म्हणतात ती आणखी पंधरवड्याने येणाऱ्या मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. म्हणजे रामघाटावरच्या मराठी गृहिणीच्या वाट्याला एका महिन्यात तीन दिवाळ्या येतात. आणि स्वयंपाकघर एकच, हात दोनच.

यांतली मधली दिवाळी सर्वांत अवघड. त्या संध्याकाळी गल्ल्यांतून पाऊल टाकायला जागा नसते. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथधामाचे नवे प्रांगण खुले झाल्यापासून काशीतील गर्दी वर्षभरच वाढली आहे. पौर्णिमेला तर ती उसळते. अशा वेळी ज्याच्या घराची गच्ची गंगेकडे उघडते त्याच्याकडे ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे पंधरा-वीस जण सहज जमतात. सगळे गच्चीवर जातात. खाली घाटामागून घाट उजळत जातात, नदीत सोडलेले दिवे हेलकावत पुढे सरकतात, आणि गच्चीवरून ‘अहाहा’ असे उद्गार ऐकू येतात. ते उद्गार ऐकू येतात असे मी म्हटले, कारण घरातली एक व्यक्ती ते दुरूनच ऐकत असते. ती मागल्या खोलीत कढईपुढे उभी राहून भजी तळत असते. घाटावर घर, आणि कित्येक वर्षांत पौर्णिमेचे दिवे धड पाहिलेले नाहीत, अशी गृहिणी त्या गल्ल्यांतून विरळा नाही. पाहुण्यांच्या लक्षातही ते येत नाही, कारण भजी गरम असतात.

मी पाकशास्त्रातला अधिकारी नव्हे. माझा अधिकार सरकारी आहे आणि तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेरच संपतो. परंतु जत्रा-मेळ्यांच्या बंदोबस्ताशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गर्दी आल्यावर जी व्यवस्था कामाला लागते ती कोलमडते, गर्दी येण्यापूर्वी जिचे काम संपलेले असते ती टिकते. घरच्या पाहुणचारालाही हाच नियम लागू आहे. भजी, वडे, पुऱ्या हे पदार्थ रुचकर खरे. पण ते पाहुणा पाटावर बसल्यावर सुरू होतात आणि पाहुणा उठेपर्यंत संपत नाहीत. सणाच्या दिवशी ते करणे म्हणजे घरातल्या एका माणसाला सणातून वगळणे होय.

यावर कोणी म्हणेल की सोपे पदार्थ म्हणजे पाहुण्याची बोळवण. हा समज दूर करण्यासाठी ‘सोपे’ या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. श्रमांवाचून कोणतेच अन्न तयार होत नाही. पोहे सोपे वाटतात, कारण भात भिजवून, भाजून, चेपण्याचे काम अगोदरच कोणीतरी केलेले असते. पोहे हे अर्धेअधिक शिजलेले अन्न आहे, म्हणूनच ते नुसत्या पाण्याच्या हबक्याने मऊ होतात. लाह्यांचेही तेच. डब्यातील चकलीचे श्रम आठ दिवसांपूर्वीच होऊन गेलेले असतात. तेव्हा सोपा पदार्थ म्हणजे ज्याचे श्रम दुसऱ्या वेळी, दुसऱ्या ठिकाणी किंवा दुसऱ्या हातांनी झालेले आहेत असा पदार्थ. पाहुण्याला आपण खाणे देतो त्याबरोबर आपला वेळही देतो. श्रम आधी उरकले, तरच तो वेळ द्यायला आपल्याजवळ शिल्लक राहतो. रामघाटावरील जाणत्या घरांनी तीन दिवाळ्यांसाठी जी योजना हळूहळू बसवली आहे, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

पहिली दिवाळी डब्यांची. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळे हे फराळाचे पदार्थ दोन-तीन आठवडे सहज टिकतात. मात्र ते मंद आचेवर आतपर्यंत तळले गेले पाहिजेत आणि पूर्ण निवल्यावाचून डब्यात जाता कामा नयेत. कोमट चकली डब्यात कोंडली की तिचीच वाफ तिला मऊ करते. मग दोष भाजणीला दिला जातो. वाळवण किंवा तळण गच्चीवर निवत ठेवण्याची सोय मात्र तेथे नाही. घाटाला रामाचे नाव आहे, तेव्हा त्याच्या सेनेनेही तेथे वस्ती करावी हे ओघानेच आले. उघडी परात दिसली की ही मंडळी निमंत्रणाची वाट पाहत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरात साळीच्या लाह्या आणि बत्तासे उरलेले असतात. काशीच्या बाजारात या दिवसांत लाह्यांबरोबर साखरेची हत्ती-घोड्यांची चित्रेही मिळतात. ती मुलांच्या हवाली करावीत आणि लाह्यांचा चिवडा करावा. लाह्या निवडून फोलपटे काढावीत, कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतून कुरकुरीत कराव्यात आणि परातीत काढाव्यात. थोड्या तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरचीचे तुकडे, कढीलिंब आणि मूठभर दाणे व डाळे यांची फोडणी करावी, ती जराशी निवू द्यावी, मग लाह्यांवर घालून मीठ-पिठीसाखर भुरभुरावी आणि हलक्या हाताने कालवावे. कढत फोडणी ओतली तर लाह्या आक्रसतात, एवढेच ध्यानात ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटांत डबा भरतो, आणि पूजेतील लाह्यांचाही योग्य विनियोग होतो.

पौर्णिमेपूर्वी चार दिवस प्रबोधिनी एकादशी येते. त्या दिवशी काशीच्या बाजारात ऊस, रताळी आणि ताजे शिंगाडे यांचे ढीग लागतात. एकादशीचा पाहुणा हा बहुधा उपवासाचा पाहुणा असतो, आणि उपवासाच्या पाहुण्याची भूक इतरांहून अधिक असते हा सर्वत्रिक अनुभव आहे. त्याच्यासाठी साबूदाणा भिजवण्याची आठवण आदल्या रात्री राहिली नाही, तरी अडायचे कारण नाही. सहा माणसांसाठी पाऊण किलो रताळी धुऊन, सोलून किसावीत. कढईत तीन मोठे चमचे तूप तापवून त्यात जिरे आणि तीन-चार हिरव्या मिरच्या घालाव्यात, किस टाकून परतावा, पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवावे. आठ-दहा मिनिटांत किस शिजतो. मधून मधून हलवला नाही तर त्याचा गोळा होतो. मीठ, चिमूटभर साखर, अर्धी वाटी दाण्याचे कूट घालून उतरवावा आणि वरून लिंबू पिळावे.

शिंगाडे तळ्यात वाढतात; म्हणून ते कच्चे न देता सालीसकट मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकडूनच द्यावेत. तळ्यातल्या पाण्याबरोबर येणाऱ्या रोगजंतूंना उकळीखेरीज दुसरा चांगला उपाय नाही. उकडून, सोलून, दोन तुकडे करून ते जिऱ्याच्या तुपात परतावेत आणि सैंधव, मिरपूड व लिंबू लावून वाटीत द्यावेत. महाराष्ट्रात ज्यांना शिंगाड्याच्या पिठाचीच तेवढी ओळख आहे, त्यांना हे ताजे, गोडसर फळ नवलाचे वाटते.

आता पौर्णिमेची रात्र. वीस पाहुणे, अरुंद जिना, आणि वर गच्ची. या रात्रीसाठी कोकणातून काशीला गेलेला एक पदार्थ मला सर्वांत योग्य वाटतो. तो म्हणजे दडपे पोहे. बारा माणसांना अर्धा किलो पातळ पोहे लागतात. तीर्थक्षेत्री नारळांची वाण नसते. देवापुढे वाढवलेला एक मोठा नारळ खोवून घ्यावा, त्याचे पाणी ठेवावे. कार्तिकात कित्येक घरांतून कांदा वर्ज्य असतो, आणि पाहुण्यांपैकी कोणाचे व्रत आहे हे विचारत बसण्यापेक्षा कांद्याच्या जागी तीन-चार काकड्या चोचवून घालाव्यात हे बरे. काकडीच्या अंगच्या पाण्याने पोहे भिजण्यास मदतही होते. पोहे, खोबरे, काकडी, मीठ, साखर, दोन लिंबांचा रस आणि नारळाचे पाणी हे सारे मोठ्या पातेल्यात कालवून, वर ताट ठेवून, त्यावर वजन ठेवावे. अर्ध्या तासात पोहे आपोआप मुरतात. दाणे, मोहरी, हिंग, हळद आणि मिरची यांची फोडणी दुपारीच करून वाटीत ठेवलेली असावी. ती वाढण्यापूर्वी घालावी, म्हणजे दाणे कुरकुरीत राहतात. दिवे लागण्याच्या वेळी चुलीला हात लावावा लागत नाही. पातेले आणि डब्यातील चकल्या वर गच्चीवर न्याव्यात, आणि जिने नेले तिनेही तेथेच बसावे.

तिसरी दिवाळी येईतो काशीत थंडी पडू लागते, आणि तिच्या पाठोपाठ नाताळच्या सुट्टीतले पाहुणे येतात. हे दिवस हिरव्या मटारचे आणि नव्या भाताच्या चुड्याचे. चूडा म्हणजे आपले पोहेच. या दिवसांत काशीच्या घरोघरी चूडा-मटर होतो, आणि आपल्या मराठी घरांनी तो इतका आपलासा केला आहे की सुट्टीत माहेरी आलेली मुलगी पहिल्या दिवशी तोच मागते. आपल्या कांदेपोह्यांतील मोहरी, हळद, कांदा यांतले काहीच त्यात नाही. सहा जणांसाठी पाव किलो पोहे चाळणीत झटपट धुऊन निथळावेत आणि त्यांवर अर्धी वाटी दूध शिंपडून ठेवावे. तीन मोठे चमचे तुपात जिरे, हिंग, किसलेले आले आणि हिरवी मिरची घालून दोन वाट्या कोवळे मटार टाकावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे शिजू द्यावेत. मीठ, किंचित साखर, आवडत असल्यास बेदाणे घालावेत. मग पोहे घालून हलके ढवळावे आणि दोन मिनिटे वाफ आणावी. उतरवल्यावर मिरपूड, चिमूटभर गरम मसाला, कोथिंबीर आणि लिंबू. दूध आणि साजूक तूप यांमुळे पोह्यांना जो मऊपणा येतो, तो तेलाच्या फोडणीने येत नाही. एकाच धान्याला कोकणाने नारळाचे पाणी दिले, काशीने दूध दिले. आणि रामघाटावरच्या एका स्वयंपाकघराने हे दोन्ही प्रकार पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने एकाच पातेल्यात केले.

या पदार्थातले एकच काम वेळखाऊ आहे, ते म्हणजे शेंगा सोलणे. दोन वाट्या दाण्यांसाठी पाऊण किलोच्या आसपास शेंगा लागतात. पण हे काम स्वयंपाकघरात करायचे नसतेच. शेंगांची टोपली उन्हाला, पाहुण्यांच्या मध्यभागी ठेवून द्यावी. बोलता बोलता हात आपोआप टोपलीकडे वळतात. कचेरीत फायलीला हात न लावणारे सद्गृहस्थही शेंगा मात्र तत्परतेने सोलतात. काही दाणे वाटेतच नाहीसे होतात, ती तूट गृहीत धरावी. पाहुण्याला काम सांगू नये असे आपण मानतो. माझा अनुभव असा की ज्या घरात पाहुण्याला काहीच करू देत नाहीत, तेथे तो दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करतो. आणि ज्या घरात त्याच्या हाती टोपली येते, तेथे तो घरचा होतो.

गोडाचा प्रश्न काशीने स्वतःच सोडवलेला आहे. थंडीच्या दिवसांत आटवलेले दूध रात्रभर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस काढतात. त्याला मलइयो म्हणतात. तो मातीच्या पुरव्यातून मिळतो आणि ऊन चढले की विरून जातो. तो घरी करण्याच्या भरीस पडू नये. सकाळी पाहुण्यांपैकी दोन तरुणांना चौखंभ्याच्या गल्लीत पाठवावे, म्हणजे त्यांना काशीही दिसते आणि घरात गोडही येते. विकत आणलेला पदार्थ पाहुण्यापुढे ठेवण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तोच एक पदार्थ साधला, त्यांचे श्रम आपण मानाने घरी आणतो, इतकेच. शेवटी विडा. २०२३ मध्ये बनारसी पानाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण रामघाटावरच्या तबकाला त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

श्रोतेहो, या घाटांवरील कित्येक जुन्या वाड्यांतून आता अतिथिगृहे झाली आहेत. तेथे पैसे मोजले की गच्ची मिळते, दिवे दिसतात, ताटही पुढे येते. त्यात वावगे काही नाही; एवढ्या गर्दीला घरे पुरणार तरी कशी? पण जी घरे अजून नातेवाइकांसाठी उघडी आहेत, ती उघडी राहायची असतील, तर त्यांतल्या पाहुणचाराचा भार वाटला गेला पाहिजे. पुढच्या पिढीच्या सुनांना आणि मुलींना जर असे दिसले की पाहुणे येणे म्हणजे आपला सण जाणे, तर त्या एके दिवशी शांतपणे दार लावून घेतील, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. म्हणून येत्या दिवाळीत पाहुण्यांची यादी करताना प्रत्येकाने तिच्या शेवटी आणखी एक नाव लिहावे: घरातल्या गृहिणीचे. तिच्यासाठीही गच्चीवर एक जागा राखून ठेवावी, आणि मग पदार्थ ठरवावेत.